ठोक्यामागे एक थेंब

मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे होतात १,०३,६८०. प्रत्येक ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलतो. म्हणजे दिवसाला सव्वासात हजार लिटर, आणि तेसुद्धा माणूस नुसता बसून असला तर. जिना चढणं, बसमागे धावणं यात धरलेलंच नाही. वयाच्या ऐंशीपर्यंत हा हिशेब ढोबळमानाने ३०० कोटी ठोके आणि २१ कोटी लिटरवर जातो. उन्हाळ्यात गावोगाव फिरणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये हे रक्त भरायचं म्हटलं, तर २१ हजार टँकर लागतील. हे सगळं करणारा स्नायू वजनाला जेमतेम ३०० ग्रॅम भरतो.

असले आकडे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांच्या आकाराने दिपतो आणि तिथेच थांबतो. पण उतारवयातलं हार्ट फेल्युअर समजून घ्यायचं तर खरा हिशेब मोठ्या आकड्याचा नाही, थेंबाचा आहे.

हृदयात पंप दोन आहेत. उजवा रक्त फुफ्फुसांकडे धाडतो, डावा तेच रक्त पुढे सगळ्या शरीराला पुरवतो. दोघांचं माप ठोक्याला ठोका जुळायला हवं. आता समजा, डाव्याने दर ठोक्याला उजव्यापेक्षा फक्त एक थेंब कमी पाठवला. सलाइनच्या नेहमीच्या नळीत वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्या मापाने ७० मिलिलिटरमधला एक थेंब म्हणजे चौदाशेवा भाग. कुठल्याही यंत्रात एवढी चूक कुणी चूक म्हणून मोजणार नाही. पण दिवसभरात असे १,०३,६८० थेंब मागे राहतील, म्हणजे पाच लिटरहून जास्त. अंगात एकूण रक्तच पाच लिटर असतं. आज सकाळी सुरू झालेली ही एका थेंबाची तूट उद्या सकाळपर्यंत सगळं रक्त फुफ्फुसांत आणून थांबवेल.

तसं होत नाही, कारण हृदयाचा स्नायू जितका ताणला जाईल तितका तो पुढच्या ठोक्याला जोराने आकसतो. ऑटो फ्रँक यांनी हे १८९५ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं, अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सस्तन प्राण्यांत मांडलं, आणि नियमाला दोघांचंही नाव मिळालं. मागे जरा जास्त रक्त साचलं की स्नायू ताणतो, ताणला की जास्त ढकलतो, माप पुन्हा जुळतं. हार्ट फेल्युअरमध्येही हृदय चालूच असतं आणि माप जुळतही असतं. फक्त ते जुळवण्यासाठी आतला दाब वाढवून ठेवावा लागतो, आणि हा वाढलेला दाब मागे फुफ्फुसांत उतरतो.

फुफ्फुसांत ४८ कोटींच्या आसपास वायुकोश असतात. सगळे उलगडून पसरले तर ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. रक्त आणि हवा यांच्यातला पडदा जिथे पातळ आहे तिथे एका मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचा आहे. या पडद्यापाशी रक्ताचा दाब एरवी पाऱ्याच्या दहाएक मिलिमीटरइतका असतो. तो पंचविशीच्या पुढे गेला की पाणी हवेच्या जागेत झिरपू लागतं. दहा आणि पंचवीस यांच्यामध्ये माणसाची रात्रीची झोप अडकलेली असते. आडवं झालं की पायांतलं अर्धा लिटरभर रक्त छातीकडे सरकतं. निरोगी हृदय ते सहज पचवतं, थकलेलं पचवत नाही. मग एका उशीच्या दोन उशा होतात, दोनाच्या तीन. रात्री दोन वाजता आजोबा खिडकी उघडून उभे राहतात आणि पुढे पुढे आरामखुर्चीतच झोपू लागतात. वाकल्यावर लागणारी धापही याच घरातली. खुर्चीत बसून पुढे वाकल्यावर तीस सेकंदांच्या आत धाप लागत असेल, तर ते हृदयात दाब साठल्याचं लक्षण असू शकतं, हे डॉक्टरांनी २०१४ मध्ये पद्धतशीर नोंदवलं. आपल्याकडे चपलेचा बंद लावताना, रांगोळी काढताना, देव पुसताना ही धाप भेटते.

आणि ती भेटली की घरात एक वाक्य ठरलेलं असतं: आता वय झालं. माझ्या मते या आजारातलं सगळ्यात महागडं वाक्य हेच आहे. इंग्लंडमधल्या छत्तीस हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की दहातल्या आठांना हार्ट फेल्युअरचं निदान थेट रुग्णालयात पोहोचल्यावरच झालं होतं. त्याआधीच्या पाच वर्षांत दहातल्या चारजणांनी धाप, सूज, थकवा यांपैकी काहीतरी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलेलं होतं. जिथे प्रत्येक नागरिकाच्या नावावर एक डॉक्टर नोंदलेला असतो, तिथली ही गोष्ट.

वय कारणीभूत आहेच, पण ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. वयाबरोबर महाधमनी ताठर होते, वरचा रक्तदाब चढतो, त्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. जाड भिंत आकसते बरी, पण सैल पडायला वेळ घेते. मिनिटाला ७२ ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला ०.८३ सेकंद मिळतात, त्यातला अर्धा सेकंद भरण्यासाठी असतो. १२० ठोके झाले की आख्खा ठोकाच अर्ध्या सेकंदाचा होतो आणि भरायचा वेळ निम्म्यावर येतो. त्यात एट्रियल फिब्रिलेशन झालं, म्हणजे वरचे कप्पे लयीत आकसायचे थांबून नुसते थरथरू लागले, की त्यांचा शेवटचा धक्का जातो. या धक्क्याने एरवी वीस-तीस टक्के भरणा होत असतो. पंचाहत्तरीच्या बाईंना सपाटीवर काही होत नाही आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसावं लागतं, त्याचा उगम बऱ्याचदा या पाव-अर्ध्या सेकंदात असतो.

हृदयाच्या पेशी २०० ते ३०० कोटी. त्या नव्याने बनतात का, हे कळायला अणुबॉम्बच्या चाचण्या कामी आल्या. १९६३ च्या करारापर्यंत उघड्यावर झालेल्या स्फोटांनी हवेतला कार्बन-१४ वाढवला, पुढे तो उतरत गेला, आणि ज्या वर्षी पेशी जन्मली त्या वर्षीच्या हवेचा ठसा तिच्या डीएनएत राहिला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये या ठशांवरून हिशेब मांडला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्का. पूर्ण आयुष्यात निम्म्यासुद्धा बदलत नाहीत. उलट एका मोठ्या हार्ट अटॅकमध्ये काही तासांत १०० कोटी पेशी मरू शकतात. पंचाहत्तरीच्या वेगाने तेवढ्या बनवायच्या म्हटलं तर नव्वदएक वर्षं लागतील. उरलेल्या पेशींवर सगळा भार येतो, आणि त्यांचा खर्च अफाट आहे. हृदय दिवसाला सुमारे सहा किलो एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, जाळतं आणि पुन्हा बनवतं. स्वतःच्या वजनाच्या वीसपट. शिल्लक साठा मात्र काही सेकंदांचाच.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर कागदावर एक आकडा येतो, इजेक्शन फ्रॅक्शन, आणि कुटुंबाची सगळी चिंता त्या आकड्याभोवती फिरू लागते. ६० आला की ‘शंभरपैकी साठच?’ म्हणून घाबरणारे भेटतात. हे गुण नव्हेत. कप्प्यात जेवढं रक्त भरलं त्यातलं किती टक्के बाहेर गेलं, एवढंच तो सांगतो; निरोगी हृदयातही तो ५५ ते ७० असतो. याच्या उलट फसगत जास्त घातक आहे. अशक्त होऊन फुगलेल्या कप्प्यात २०० मिलिलिटर रक्त मावतं आणि ३५ टक्के बाहेर जातं, म्हणजे ७० मिलिलिटर. जाड, ताठर कप्प्यात ७० मिलिलिटरच मावतं आणि ६५ टक्के बाहेर जातं, म्हणजे ४५. टक्केवारी छान असलेलं हृदय कमी रक्त देतंय! पाश्चात्त्य देशांत हार्ट फेल्युअरच्या निम्म्या रुग्णांचा हा आकडा ५० किंवा त्याहून वरच असतो, आणि त्यांत रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं वजन असलेल्या वयस्कर स्त्रिया जास्त. ‘इको नॉर्मल आहे, घाबरू नका’ असं ऐकून धापेसकट घरी परतणाऱ्या बायका यांतल्याच.

अशा वेळी रक्तातली एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी मदतीला येते. ताणलेल्या हृदयाच्या भिंतीतून हा पदार्थ रक्तात उतरतो. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसात तो मिलिलिटरला १२५ पिकोग्रॅमपेक्षा कमी असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. त्याच दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत, ८०० टँकर पाण्यात एक ग्रॅम पदार्थ विरघळवला की ही तीव्रता होते, आणि प्रयोगशाळा ती चमचाभर रक्तात मोजते. वयाप्रमाणे त्याचे उंबरठेही सरकतात. तातडीने दाखल झालेल्या रुग्णात पन्नाशीच्या आत ४५०, पंचाहत्तरीपर्यंत ९०० आणि त्यापुढे १,८०० च्या वर आकडा गेला तर निदानाला बळ मिळतं. लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो, मूत्रपिंडाच्या आजारात फसवा जास्त. म्हणून तो एकटा वाचायचा नाही.

या आजाराचा पसारा केवढा आहे? जगात साधारण सहा कोटी माणसं त्याच्यासह जगतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासाने सांगितलं, की चाळिशीतल्या पाचांपैकी एकाला उरलेल्या आयुष्यात कधी ना कधी हार्ट फेल्युअर गाठतं. सत्तरीपुढे दहातल्या एकाहून जास्त लोकांत ते असतं. भारतातल्या रुग्णांचा अंदाज ८० लाख ते एक कोटी असा केला जातो. २०२२ मध्ये देशात साठीपुढची माणसं १४.९ कोटी होती आणि २०५० पर्यंत ती ३४.७ कोटी होतील असा अंदाज आहे.

मात्र आपल्या नोंदींतली एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा अस्वस्थ करते. देशातल्या ५३ रुग्णालयांतून १०,८०० हून अधिक रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही झाली, त्यांत सरासरी वय निघालं साठीच्या आसपास. युरोप-अमेरिकेत ते सत्तर ते पंचाहत्तर असतं. म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्यांचा आजार आपल्याकडे दहा-बारा वर्षं आधी पोहोचतो, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. दाखल झाल्यापासून ९० दिवसांत सातातला एक रुग्ण दगावला. तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली १८ रुग्णालयांत दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांचा पाठपुरावा झाला. पाच वर्षांत ५९ टक्के गेले. अनेक कर्करोगांचे आकडे याहून बरे असतात. कर्करोगाचं नाव काढलं की घर हादरतं. ‘हृदय जरा कमजोर आहे’ म्हटलं की घर रात्रीच्या स्वयंपाकाला लागतं.

आता मूत्रपिंडांकडे वळू, कारण पायावरची सूज हृदयात बनत नाही, मूत्रपिंडांत बनते. हृदयाचा पाचवा हिस्सा रक्तपुरवठा एकटी मूत्रपिंडं घेतात आणि दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात. त्या पाण्याबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ गाळलं जातं. हो, दीड किलो, रोज. त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत रक्तात घेतलं जातं आणि साताठ-दहा ग्रॅम लघवीवाटे जातं, जेवढं आपण खाल्लेलं असतं साधारण तेवढंच. हृदयाकडून येणारा प्रवाह मंदावला की मूत्रपिंडांना वाटतं रक्तस्राव झाला असावा, पाणी कमी पडलं असावं. रानात जखमी झालेल्या पूर्वजांना वाचवणारी हीच यंत्रणा, तिला म्हातारपणीचा आजार माहीत नाही. ती मीठ धरून ठेवू लागते. किती? दीड किलोतलं फक्त अर्धा टक्का जास्त धरलं तरी दिवसाला साडेसात ग्रॅम. नऊ ग्रॅम मीठ अंगात एक लिटर पाणी अडवून ठेवतं. म्हणजे दिवसाला पाऊण लिटरच्या वर पाणी, पाच दिवसांत चार किलो वजन. इथेही तूट अर्ध्या टक्क्याचीच.

पायावर बोट दाबल्यावर खड्डा दिसायला लागतो तोवर अंगात दोन-तीन लिटर पाणी साठून चुकलेलं असतं. म्हणजे डोळ्यांना जे दिसतं ते उशिराचं. वजनकाट्याला ते आधी दिसतं. दाखल व्हाव्या लागलेल्या रुग्णांची रोजची वजनं मागे जाऊन तपासली तेव्हा ती निदान आठवडाभर आधीपासून चढायला लागलेली होती. आठवडा म्हणजे केवढा अवधी! सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. दोन किलो जाडी तीन दिवसांत कुणालाच येत नाही, ते पाणी असतं. ज्या घरात दोन हजारांचं रक्तदाबाचं यंत्र आहे त्या घरातही वजनकाटा नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मिठाबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२२ मध्ये ८०६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत मीठ अगदी कडक कमी केल्याने मृत्यू किंवा रुग्णालयाच्या खेपा कमी झाल्याचं दिसलं नाही. पण ते रुग्ण मुळातच दिवसाला साडेपाच ग्रॅमच्या आसपास मीठ खात होते. भारतीय माणूस सरासरी आठ ते अकरा ग्रॅम खातो. तेव्हा आपल्याला कडक व्हायची गरज नाही, त्या रुग्णांच्या मापावर आलो तरी खूप. भाजीतलं मीठ काढून आजीचं जेवण पळवायचं आणि ताटात पापड, लोणचं, सुकी मासळी तशीच ठेवायची, यात काही हशील नाही. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, त्यातही सोडियमच. आणि बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि या आजाराच्या दोन महत्त्वाच्या गोळ्या रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढवतात.

गोळ्यांचा इतिहास म्हणजे निराशेतून निघालेल्या वाटेचा इतिहास आहे. १९८७ मध्ये नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमधल्या २५३ रुग्णांवर एनालाप्रिलची चाचणी झाली. सरासरी वय ७१, अवस्था सगळ्यात वाईट. अंथरुणावर पडूनही धाप लागणारी माणसं. सहा महिन्यांत खोटी गोळी घेणारे ४४ टक्के गेले, एनालाप्रिल घेणारे २६ टक्के. फरक इतका ढळढळीत होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. पुढच्या दहा वर्षांचा हिशेब लावला तेव्हा या साध्या गोळीने माणसामागे सरासरी २६० दिवस दिले होते.

बीटा-ब्लॉकरची गोष्ट याहून धाडसी. थकलेल्या हृदयाला आणखी हळू करणारं औषध देणं म्हणजे घात, असंच वैद्यकशास्त्र मानत होतं. १९७५ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये फिन वागस्टीन यांनी ते सात रुग्णांना देऊन पाहिलं आणि ते सुधारले. सात रुग्णांच्या त्या निबंधावर कुणी विश्वास ठेवायला दोन तपं जावी लागली. १९९९ मध्ये ३,९९१ रुग्णांच्या चाचणीत मेटोप्रोलॉलने मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी केले. ठोके ९० वरून ६५ वर आले की दिवसाला ३६ हजार ठोके वाचतात, आणि प्रत्येक ठोक्याला भरायला जास्त वेळ मिळतो. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, स्वस्त गोळीने १,६६३ अत्यवस्थ रुग्णांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. चौथं औषध मधुमेहातून आलं. त्याचा मूळपुरुष १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा केलेला. ही ग्लिफ्लोझिनं लघवीवाटे साखर सोडतात. पण २०१९ मध्ये ४,७४४ रुग्णांत डॅपाग्लिफ्लोझिनने हार्ट फेल्युअर बिघडणं किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू यांचं प्रमाण २६ टक्क्यांनी उतरवलं, मधुमेह असो वा नसो. आणि २०२१ मध्ये, ज्यांच्या ताठर हृदयासाठी तोवर काहीच नव्हतं अशा ५,९८८ रुग्णांत, सरासरी वय ७२, एम्पाग्लिफ्लोझिनने तेच प्रमाण २१ टक्क्यांनी कमी केलं. डॅपाग्लिफ्लोझिनचं मुख्य पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि किमती धाडकन खाली आल्या.

अशक्त हृदयाला या चारही प्रकारची औषधं मिळाली तर काय होतं, याचं गणित २०२० मध्ये मांडलं गेलं. पूर्वीच्या दोन औषधांच्या तुलनेत पंचावन्नाव्या वर्षी ६.३ वर्षं आयुष्य जास्त, ऐंशीव्या वर्षी १.४ वर्षं. १.४ हा आकडा कुणाला किरकोळ वाटेल. ऐंशीच्या माणसाला विचारा. सतरा महिने, मिनिटाला ६५ च्या संथ लयीतही पावणेपाच कोटी ठोके. तिरुवनंतपुरमच्या त्या नोंदवहीत अशक्त हृदयाच्या रुग्णांपैकी घरी जाताना जेमतेम चारातल्या एकाला तेव्हाची शिफारस केलेली औषधं पूर्ण मिळाली होती.

म्हाताऱ्या माणसाला औषधं देणं सोपं नाही, हेही खरं. अमेरिकेत पासष्टीपुढच्या १,२२,६३० हार्ट फेल्युअर रुग्णांत चाळीस टक्क्यांच्या अंगात हृदयाखेरीज पाच किंवा जास्त आजार होते. फक्त हृदयाचाच आजार असलेले शेकडा चार. औषधांच्या बऱ्याच चाचण्यांत मात्र साठी-पासष्टीचे, बऱ्यापैकी धडधाकट लोक घेतले जातात. म्हणून डोस लहान सुरू करायचा, उभं राहिल्यावरचा रक्तदाब बघायचा, एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासायचं. गोळी सोसत नाही म्हणून चारही बंद करायच्या, असं करायचं नाही. आणि एक गोळी दारातच अडवायची: गुडघेदुखीची. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडांना मीठ धरायला लावतात; वयस्करांत त्यांच्यामुळे हार्ट फेल्युअरने दाखल होण्याची शक्यता दुपटीच्या घरात जाते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या दहा गोळ्यांच्या एका पाकिटाने सहा महिन्यांची घडी विस्कटू शकते. लघवीच्या गोळीचं उलटं. लग्नाला जायचंय, एसटीत सोय नाही, म्हणून आजी ती गुपचूप टाळतात. तिचा जोर साधारण सहा तासांचा असतो. टाळण्याऐवजी परतल्यावर घेतली तर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारलं तर बहुतेक वेळा वाट निघते.

झोपून राहणं हाही इलाज नाही. निरोगी वयस्कर माणसांना प्रयोगापुरतं दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. आजारी माणसाचं काय होत असेल? अमेरिकेत ३४९ रुग्णांवर, सरासरी वय ७३ च्या जवळ, २०२१ मध्ये एक चाचणी झाली. रुग्णालयातच तोल, ताकद, चालणं आणि उठबस यांचा सराव सुरू केला आणि घरी तीन महिने चालू ठेवला. बारा गुणांच्या हालचालीच्या कसोटीत ते ८.३ वर पोहोचले, नेहमीचे उपचार घेणारे ६.९ वर. वेगळी खोली नको, यंत्रं नकोत. खुर्ची आणि शेजारी उभा राहणारा कुणीतरी हवा.

या सगळ्यात सगळ्यात नाजूक काळ डिस्चार्जनंतरचा. अमेरिकेत पासष्टीपुढचा चार-पाचातला एक रुग्ण तीस दिवसांत परत दाखल होतो. १९९५ मध्ये सेंट लुईसमध्ये मायकेल रिच यांनी सत्तरीपुढच्या २८२ रुग्णांवर एक गोष्ट करून पाहिली. निम्म्यांना एक परिचारिका भेटत राहिली: आजार समजावला, आहार सांगितला, गोळ्या कमी आणि सोप्या करून घेतल्या, घरी जाऊन वजन पाहिलं, फोन केले. ९० दिवसांत एका बाजूला ९४ वेळा पुन्हा दाखल व्हावं लागलं, या बाजूला ५३ वेळा. हार्ट फेल्युअरसाठीच्या खेपा ५४ वरून २४ वर आल्या, आणि खर्चही कमी झाला. कुठलंही नवं औषध नाही. २०२२ मधल्या स्ट्राँग-एचएफ चाचणीने त्याला दुसरी बाजू जोडली. १,०७८ रुग्णांत डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण मात्रेपर्यंत चढवली आणि वारंवार तपासलं, तर सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं २३.३ टक्क्यांवरून १५.२ वर आलं. म्हणजे बारा जणांमागे एकाची ही वेळ टळली.

महाराष्ट्रात आशाताई घरोघर रक्तदाब-मधुमेहाची विचारपूस करत जातातच. त्यांच्या पिशवीत वजनकाटा आणि ‘रात्री किती उशा घेता?’ हा एक प्रश्न घालायला मोठी योजना लागू नये, असं मला मनापासून वाटतं. तोवर डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांनी तीन गोष्टी कार्डावर लिहून घ्याव्यात. पाणी उतरल्यावरचं वजन किती, ज्याला डॉक्टर ड्राय वेट म्हणतात. चार औषधांपैकी कोणती सुरू आहेत, आणि जे सुरू नाही ते का नाही. आणि पहिली तपासणी कधी. ती महिन्याने दिली असेल तर सात ते चौदा दिवसांतली मागून घ्यावी.